आधी वाक्य, मग पर्याय

वल्हं : होडी :: ? : सायकल. पर्याय चार – चाक, ब्रेक, पेडल, घंटा.

देवबागपासून आचऱ्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही शाळेत हा प्रश्न फळ्यावर लिहा. वल्हं म्हणजे काय, होडी म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. सायकल तर सगळ्यांच्याच ओळखीची. तरीसुद्धा वर्गातून वेगवेगळी उत्तरं येतात. चाक निवडणारं मूल सांगतं, "वल्हं होडीचं असतं, चाक सायकलचं असतं." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ब्रेकही सायकलचाच आणि घंटाही सायकलचीच. त्याच्या वाक्यात चारही पर्याय बसतात, म्हणजे ते वाक्य अजून कामाचं झालेलं नाही. मग त्याला विचारावं, वल्ह्याने होडीचं होतं काय? "वल्हं मारून माणूस आपल्या ताकदीने होडी पुढे नेतो." आता या वाक्यात होडीच्या जागी सायकल घाला आणि वल्ह्याच्या जागी एकेक पर्याय घालून पाहा. पेडलखेरीज काही टिकत नाही.

पहिली जोडी थोडी बदलू. नांगर : होडी :: ? : सायकल. पर्यायांत ब्रेक आहे आणि स्टँडही आहे. घाईत ब्रेक बरोबर वाटतो, कारण नांगर होडी थांबवतो असं आपण सहज बोलून जातो. पण वडलांबरोबर होडीत बसून ज्याने नांगर टाकताना पाहिलं आहे ते मूल इथे अडखळतं, आणि त्याचं अडखळणं योग्य असतं. धावती होडी थांबवायला नांगर टाकत नाहीत. थांबलेली होडी वाऱ्याने, पाण्याच्या ओढीने वाहून जाऊ नये म्हणून टाकतात. म्हणून उत्तर स्टँड. नांगराच्या जागी सुकाणू घेतलं तर उत्तर हँडल. होडी तीच, सायकल तीच. पहिली वस्तू दुसरीचं काय करते, एवढंच प्रत्येक वेळी बदललं.

मला या प्रस्तावनेत जे सांगायचं आहे त्याचा गाभा या तीन प्रश्नांत आला. शब्दांच्या जोडीतला संबंध नामांमध्ये शोधून सापडत नाही, तो क्रियापदात असतो. मुलाने पर्याय वाचण्याआधी पहिल्या जोडीचं एक पूर्ण वाक्य मनात केलं पाहिजे, आणि त्या वाक्याला नेमकं क्रियापद हवं. या पुस्तकातले सगळे प्रश्न हीच एक सवय लावण्यासाठी रचले आहेत.

शाळेच्या भाषेत अशा प्रश्नांना समसंबंध म्हणतात. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथीला आणि सातवीला असायची, २०१७ पासून काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती. तिच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न, १०० गुणांचे. आणि सोबत तृतीय भाषेचे २५. एकंदर ७५ प्रश्नांना दीड तास, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद. त्या वर्षांत आठवीच्या पेपरात तर काही प्रश्नांना दोन-दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही वर्तुळं रंगवावी लागत. आठवीतच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी केंद्राची एनएमएमएस परीक्षा असते. तिच्यात बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. रापणीच्या वाट्यावर ज्याचं घर चालतं त्या मुलाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. सांगेलीच्या जवाहर नवोदय विद्यालयात जायचं तर तिथल्या प्रवेश परीक्षेतही समसंबंध आहेत, मात्र तिथे शब्दांऐवजी आकृत्या. म्हणजे दहा ते चौदा वर्षांच्या मुलासमोर हे चार ठिपके पुन्हा पुन्हा येतात.

दहावीच्या निकालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा कोकण विभाग २०१२ मधल्या आपल्या पहिल्या परीक्षेपासून राज्यात वरचढ राहिला आहे. अभ्यासाची शिस्त, पाठांतर, घरच्यांचं लक्ष यांत इथली मुलं कमी पडत नाहीत. समसंबंधाला मात्र पाठांतर पुरत नाही, आणि त्याची तयारी अजून बऱ्याच ठिकाणी पाठांतरानेच करून घेतली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सरावपुस्तकात संबंधांचे प्रकार छापलेले असतात: प्राणी आणि पिल्लू, कारागीर आणि हत्यार, वस्तू आणि तिचा भाग, कारण आणि परिणाम. ही यादी घोकलेलं मूल प्रश्न आला की आधी यादी आठवतं, मग जोडी कुठल्या खणात बसते ते शोधतं, मग पर्यायांकडे वळतं. ७२ सेकंद तेवढ्यात संपतात. शिवाय एकच जोडी अनेक खणांत बसते. माड आणि झावळ ही वस्तू आणि भाग यांची जोडी. पण छप्पर शाकारायचं असलं की माड कच्चा माल देणारा आणि झावळ तो माल. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात यातलं कोणतं आहे ते यादी सांगू शकत नाही. ते दुसरी जोडी आणि तिचे पर्याय सांगतात.

म्हणून शिक्षकांना माझं सांगणं आहे की प्रकारांची नावं मुलांना अगदी शेवटी सांगा, किंवा सांगूच नका. वर्गात मालवणीतून सरळ विचारा, "ह्या तेका काय करता?" मूल ज्या भाषेत घरी बोलतं त्या भाषेत क्रियापद चटकन तोंडावर येतं. प्रमाण मराठीत उत्तर द्यायचं म्हटलं की तेच मूल बिचकतं आणि "संबंध आहे" एवढंच म्हणून गप्प होतं. मनातलं वाक्य मालवणी असलं तर परीक्षेचं काही बिघडत नाही. उत्तरपत्रिकेवर शेवटी एक वर्तुळच रंगवायचं असतं.

वाक्य केलं की ते नेमकं करायचं. इथे आपल्या घराभोवतीचीच उदाहरणं घेऊ. रातांबा : सोलं. पर्यायांत चार जोड्या आहेत: ऊस आणि गूळ, दूध आणि दही, आलं आणि सुंठ, गहू आणि पीठ. "रातांब्यापासून सोलं करतात" या वाक्यात चारही बसतात, कारण 'करणं' हे क्रियापद फार ढिलं आहे. सोलं कशी करतात हे पाचवीतल्या मुलाने मे महिन्यात अंगणात पाहिलेलं असतं. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची. म्हणजे क्रियापद 'वाळवणं'. ऊस वाळवून गूळ होत नाही, त्याचा रस आटवावा लागतो. दूध विरजतं, गहू दळतात. उरतं आलं आणि सुंठ. चारही जोड्यांमध्ये कच्चा पदार्थ आणि तयार पदार्थ हाच संबंध आहे. त्यांना वेगळं करते ती कृती.

भरती : ओहोटी ही जोडी मला विशेष आवडते. पर्याय: काळा आणि पांढरा, उंच आणि ठेंगणा, दिवस आणि रात्र, गोड आणि कडू. "हे विरुद्धार्थी शब्द आहेत" असं म्हणून मूल थांबलं तर चारही पर्याय बरोबर ठरतात. पण किनाऱ्यावरच्या मुलाला भरती-ओहोटीबद्दल याहून जास्त माहीत असतं. भरतीमागून ओहोटी येते, ओहोटीमागून पुन्हा भरती, रोज दोन वेळा, न चुकता. एक संपली की दुसरी सुरू होते. हे काळ्या-पांढऱ्याबद्दल म्हणता येत नाही; दिवस आणि रात्र यांच्याबद्दल म्हणता येतं. गुणांचा विरोध आणि पाळीपाळीने येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका प्रश्नातून जितकं स्पष्ट होतं तितकं व्याकरणाच्या व्याख्येतून होणार नाही.

आता उलटी बाजू. वाक्य किती नेमकं करायचं यालाही मर्यादा आहे, आणि इथे बहुधा हुशार मुलं अडकतात. कालव : खडक. पर्याय: मासा आणि पाणी, बांडगूळ आणि झाड, शेवाळ आणि भिंत, पक्षी आणि झाड. "कालव खडकावर राहतं" हे ढिलं झालं, कारण पक्षीही झाडावर राहतो. "कालव खडकाला घट्ट चिकटून राहतं" म्हटलं तर पक्षी आणि मासा गळतात, बांडगूळ आणि शेवाळ राहतात. आणखी एक पाऊल पुढे जायचं: बांडगूळ झाडातून आपलं अन्न ओढून घेतं, कालव खडकातून काही घेत नाही. शेवाळ भिंतीतून घेत नाही. उत्तर मिळालं, इथे थांबायचं. पण कालवं काढायला आईबरोबर गेलेली एखादी मुलगी पुढे जाते. कालवाला शिंपला असतो, शेवाळाला नसतो. कालव प्राणी आहे, शेवाळ नाही. मग हेही चूक. तिचं ज्ञान खरं आहे, पण प्रश्न ते विचारत नाही. एकच पर्याय उरेपर्यंत वाक्य आवळायचं आणि एक उरला की सोडून द्यायचं. एकही उरला नाही तर एक पाऊल मागे यायचं. ही मागे येण्याची रीत मुद्दाम शिकवावी लागते, कारण आपण मुलांना नेहमी पुढेच ढकलत असतो.

जोडीतला क्रमही सांभाळावा लागतो. मिठागर : मीठ असं दिलं असेल तर "जिथे तयार होतं ते ठिकाण आधी, वस्तू नंतर". पाव : बेकरी हा पर्याय दिसला की मूल तो पकडतं, कारण संबंध तर बरोबर आहे. क्रम उलटा आहे हे लक्षात येत नाही. वाक्य मोठ्याने म्हटलं की लगेच कळतं: "मिठागरात मीठ तयार होतं, पावात बेकरी तयार होते." वर्ग हसतो, आणि मग विसरत नाही. त्याच प्रश्नात गोदाम : धान्य असा दुसरा सापळा असतो. गोदामात धान्य साठवतात, पिकवत नाहीत. शिरोड्याचं मिठागर पाहून आलेल्या मुलाला हा फरक शिकवावा लागत नाही. (तिथेच मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, हेही त्याच सहलीत सांगून टाकावं.)

काही प्रश्न समसंबंधाचा वेश घेऊन येतात, पण त्यांत विचार करण्यासारखं काही नसतं. महाराष्ट्र : मुंबई :: गोवा : ? याचं उत्तर ज्याला येतं त्याला येतं, ज्याला येत नाही त्याने कितीही वाक्यं केली तरी येणार नाही. हा सामान्यज्ञानाचा प्रश्न आहे आणि तो तसाच विचारावा. त्याउलट मासा : कल्ले :: डॉल्फिन : ? या प्रश्नात माहितीही लागते आणि संबंधही. "माशाला कल्ले असतात" एवढ्यावर थांबणारं मूल डॉल्फिनलाही कल्ले चिकटवतं. "मासा कल्ल्यांनी श्वास घेतो" असं म्हणणारं मूल विचारतं, डॉल्फिन कशाने श्वास घेतो? तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन श्वासासाठी पाण्यावर येतात हे त्याने पाहिलं किंवा ऐकलेलं असतं. तिथून फुप्फुसापर्यंत ते आपलं आपण पोचतं. या पुस्तकात पहिल्या प्रकारचे प्रश्न घेतलेले नाहीत, दुसऱ्या प्रकारचे आहेत.

साम्यावरून अनोळखी गोष्ट ओळखणं आपल्याकडे फार जुनं आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचं तिथलं प्रसिद्ध उदाहरण गवयाचं. गवय गाईसारखा असतो असं रानातल्या माणसाकडून ऐकलेला गावकरी पुढे रानात तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो, हाच तो गवय. वैशेषिकांनी उपमानाला वेगळं स्थान दिलं नाही, ते अनुमानातच धरलं. या वादात मुलांना नेण्याची गरज नाही. पण साम्य पाहणं हे केवळ अलंकाराचं काम नसून जाणून घेण्याचं साधन आहे, हे शिक्षकाने मनाशी धरलेलं बरं.

परीक्षेतला प्रश्न म्हणून समसंबंध आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंड-अमेरिकेतून. सिरिल बर्ट यांनी १९११ मध्ये असे प्रश्न बुद्धिमापनासाठी वापरले. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९२३ मध्ये त्यामागचा विचार मांडला: दोन गोष्टींमधला संबंध ओळखणं, आणि तो संबंध व एक गोष्ट हाती असताना दुसरी शोधून काढणं, ही बुद्धीची मूळ कामं. बिने यांच्या चाचणीची टर्मन यांनी १९१६ मध्ये अमेरिकेत केलेली आवृत्ती आठ वर्षांच्या मुलांना जहाज आणि मोटार यांत सारखं काय, असं विचारत असे. आपल्या भागात हे काम धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी केलं. बिने चाचणी त्यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि बिने-कामत चाचणी हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही ठाऊक आहे. परक्या चाचणीचं नुसतं भाषांतर करून भागत नाही, ती इथल्या मुलांवर घेऊन पाहावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

तिकडे अमेरिकेत काय झालं तेही सांगायला हवं. १९२६ मध्ये सुरू झालेल्या एसएटी या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेतून समसंबंधाचे प्रश्न २००५ मध्ये वगळले गेले, आणि २०११ मध्ये जीआरई परीक्षेतूनही. एसएटीतला एक जुना प्रश्न या वादात वारंवार दाखवला जातो. धावपटू आणि मॅरेथॉन यांच्या जोडीला समांतर जोडी निवडायची होती, आणि उत्तर होतं वल्हेकरी आणि नौकाशर्यत. नौकाशर्यती श्रीमंतांच्या महाविद्यालयांत होत. गरीब वस्तीतल्या मुलाने त्या पाहिलेल्या नसत, त्यांचं नावही ऐकलेलं नसे. मग त्या प्रश्नाने त्याची बुद्धी मोजली की घर?

तो प्रश्न आपल्या भाषेत मालवणच्या एखाद्या रापणकराच्या मुलीला विचारला असता तर वल्हेकऱ्यापाशी ती क्षणभरही थांबली नसती. पण तिच्या हातातल्या सरावपुस्तकात मोट : विहीर, गुऱ्हाळ : ऊस, पागा : घोडा अशा जोड्या येतात, आणि घाटावरच्या मुलाला सोपं जाणारं तिला अवघड जातं. नांगर : जमीन हे पाहून तिच्या डोळ्यांसमोर समुद्राच्या तळाशी रुतणारा लोखंडी नांगर येतो, शेतातला येत नाही. तिचं वाक्य होतं "नांगर जमिनीत रुतून बसतो", आणि पर्यायांमध्ये तिला खिळा : भिंत बरोबर वाटतं; अपेक्षित असतं करवत : लाकूड. तिने विचार अचूक केला आणि गुण गेले. प्रश्न काढणाऱ्यांनी याचा विचार करावा ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांनी तो करेपर्यंत आपण मुलीला एवढं शिकवू शकतो, की वाक्य कुठल्याच पर्यायात नीट बसत नसेल किंवा दोन पर्याय सारखेच बसत असतील, तर पहिल्या शब्दाला दुसरा अर्थ आहे का ते पाहा.

शब्दसंग्रह वाढवावाच लागतो, त्यातून सुटका नाही. ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही त्याचं वाक्य कुणालाच करता येत नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. संबंध पाहायची रीत आधी ओळखीच्या शब्दांवर बसू दे, मग अनोळखी शब्द आणा. दोन्ही एकदम आणले तर मूल कुठे चुकलं हे त्यालाही कळत नाही आणि शिक्षकालाही नाही. सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळांची पटसंख्या अगदी कमी आहे आणि एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. तिथे ही चूक शोधायला वेळही नसतो. पण अशा शाळेचा एक फायदाही आहे: प्रत्येक मुलाचं वाक्य ऐकता येतं.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागातले शब्द किनाऱ्यावरचे आणि परसातले: होडी, रापण, पाग, माड, पोफळ, काजू, फणस, मासळी बाजार. दुसऱ्या भागात घर, शाळा, एसटी, बाजार. तिसऱ्यात घाटावरची शेती, शहर, कचेऱ्या, प्रमाण मराठीतले कमी ऐकलेले शब्द. या भागाआधी शब्दांचे अर्थ दिले आहेत आणि ते चित्रांसह आहेत. पहिल्या दोन भागांना वेळेचं बंधन नाही, घड्याळ तिसऱ्या भागापासून लावावं. प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. तिथे मुलांनी स्वतःची जोडी घालून चार पर्याय तयार करावेत आणि शेजारच्याला सोडवायला द्यावेत. ज्याला चुकीचे पण मोहात पाडणारे तीन पर्याय सुचतात, त्याला संबंध नीट कळलेला असतो.

उत्तरं शेवटी छापली आहेत आणि प्रत्येक उत्तरापुढे वाक्यही दिलं आहे. मुलाचं वाक्य छापलेल्या वाक्यापेक्षा वेगळं असेल आणि तरी एकच पर्याय उरत असेल तर त्याचं वाक्य बरोबर मानावं. पर्याय बरोबर आला, पण वाक्य सांगता आलं नाही, तर त्या प्रश्नाला खूण करून तो आठवड्याने पुन्हा घ्यावा.